जीपचा श्वास: लॉस एंजेलिसच्या मोटारींआधी विदर्भात पोहोचलेला एक व्हॉल्व्ह

१९६१ साली कॅलिफोर्नियात विक्रीला आलेल्या नव्या मोटारींच्या इंजिनावर अंगठ्याएवढा एक व्हॉल्व्ह बसवलेला होता. मोटारींच्या प्रदूषणाला आवर घालणारे हे पहिले उपकरण, अशी त्याची नोंद पर्यावरणाच्या इतिहासात केली जाते. नोंद खरी आहे, पण अर्धी. तोच व्हॉल्व्ह, त्याच रचनेचा, त्याआधी कितीतरी वर्षे जीपच्या इंजिनावर होता. ज्या काळात लॉस एंजेलिसमधील शास्त्रज्ञ धुरक्याचे मूळ शोधत होते, त्या काळात तो यवतमाळ जिल्ह्याच्या मुरमाच्या रस्त्यांवर सरकारी गाड्यांबरोबर हिंडत होता. मात्र त्याला कोणी प्रदूषण रोखण्यासाठी बसवले नव्हते. आजचा धागा त्या व्हॉल्व्हविषयी, आणि त्याहून अधिक त्याच्या देखभालीविषयी आहे.

प्रथम इंजिनाच्या पोटात काय चालते ते पाहू. सिलिंडरमध्ये पेट्रोल आणि हवेचे मिश्रण पेटते, पिस्टन खाली ढकलला जातो. पिस्टनभोवतीच्या रिंगा सिलिंडरच्या भिंतीला घट्ट टेकलेल्या असतात, तरी त्या पूर्ण बंदोबस्त करू शकत नाहीत. प्रत्येक दाबाबरोबर थोडा वायू रिंगांच्या फटीतून खाली, क्रँक फिरतो त्या पोकळीत उतरतो. नव्या इंजिनात थोडा, झिजलेल्या इंजिनात पुष्कळ. आपल्याकडचे मिस्त्री या प्रकाराला ‘बॅक कॉम्प्रेशन’ म्हणतात. या वायूत न जळलेले पेट्रोल असते, आम्ले असतात, आणि वाफ असते. एक लिटर पेट्रोल जळले की साधारण एक लिटर पाणी तयार होते, ही गोष्ट ऐकताना खोटी वाटते. पण पेट्रोलमधील हायड्रोजनचे दुसरे काय होणार? बहुतेक वाफ सायलेन्सरमधून निघून जाते. जी खाली उतरते ती थंड इंजिनाच्या आतल्या अंगाला थेंब होऊन चिकटते, ऑइलमध्ये मिसळते, आणि काही महिन्यांत टॅपेट कव्हरखाली काळा, लोण्यासारखा गाळ साचतो. ऑइलच्या वाटा त्याने बुजतात. शिवाय वायूला बाहेर पडायला जागा नसेल तर तो दाब धरतो आणि ऑइल सील, गॅस्केट, जिथे सापडेल तिथून ऑइल बाहेर ढकलतो.

म्हणून इंजिनाला श्वास लागतो. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात याचा उपाय अगदी साधा होता: क्रँककेसमधून एक नळी काढायची, ती गाडीच्या पोटाखाली सोडायची आणि तिचे टोक तिरके कापायचे. गाडी धावू लागली की खालून वाहणारा वारा त्या टोकापाशी ओढ निर्माण करी आणि आतला वायू बाहेर खेचला जाई. दुसऱ्या तोंडाने, बहुधा ऑइल भरण्याच्या झाकणातून, ताजी हवा आत येई. त्या काळच्या महामार्गांच्या छायाचित्रांत प्रत्येक मार्गिकेच्या मधोमध एक काळा पट्टा दिसतो. तो याच नळ्यांमधून ठिबकलेल्या ऑइलचा.

या साधेपणाची किंमत होती. गाडी उभी असताना किंवा बैलगाडीच्या चालीने जात असताना नळीला ओढ मिळत नाही. इंजिन सुरू राहते, वायू साचत राहतो, श्वास मात्र बंद. अमेरिकेच्या सपाट महामार्गावर हा दोष खपून गेला. लष्करी गाडीला तो परवडण्यासारखा नव्हता. तिला रांगेत हळू चालायचे, तासन्‌तास इंजिन सुरू ठेवून उभे राहायचे, ओढे ओलांडायचे, धुळीच्या लोटात शिरायचे. गाडीच्या पोटाखाली उघडी असलेली नळी म्हणजे पाण्याला आणि धुळीला दिलेले आमंत्रणच.

दुसऱ्या महायुद्धातील विलिस जीपच्या अभियंत्यांनी ही नळी खाली सोडली नाही. क्रँककेसमधील वायू त्यांनी इनटेक मॅनिफोल्डकडे नेला. मॅनिफोल्डमध्ये पिस्टनच्या ओढीमुळे निर्वात असतो. गाडी उभी असतानाही असतो, किंबहुना तेव्हा तो चांगलाच जोरकस असतो. ही ओढ वायूला खेचून पुन्हा सिलिंडरमध्ये आणते आणि तिथे तो जळून जातो. ओढ प्रमाणात राहावी म्हणून वाटेत स्प्रिंगवर तोललेला एक व्हॉल्व्ह. इंजिन स्लोवर असते तेव्हा निर्वात जोरकस असतो, व्हॉल्व्हची दांडी ओढली जाऊन वाट अरुंद होते. लोड वाढला की निर्वात कमी होतो, स्प्रिंग दांडीला मागे सारते आणि वाट रुंदावते. नेमका लोडवरच रिंगांतून वायू जास्त उतरतो, म्हणजे गरज आणि वाट एकाच वेळी वाढतात. ना तार, ना लिव्हर, ना चालकाचे लक्ष. इतक्या स्वस्तात इतकी नेमकी यंत्रयोजना इंजिनात क्वचितच सापडते.

आत येणाऱ्या हवेचाही विचार त्यांनी केला होता, आणि पुढील कथेसाठी तो महत्त्वाचा आहे. जीपच्या ऑइल भरण्याच्या नळीचे झाकण उघड्या जाळीचे नव्हते. त्या नळीपासून एक जोडनळी एअर क्लीनरकडे जाई. ऑइलच्या भांड्यातून गाळून आलेलीच हवा क्रँककेसमध्ये शिरावी, हा त्यामागचा हेतू. अमेरिकी युद्धखात्याने फेब्रुवारी १९४४ मध्ये जीपसाठी काढलेल्या तांत्रिक पुस्तिकेत हा व्हॉल्व्ह काढणे, साफ करणे आणि पुन्हा बसवणे हे नियमित देखभालीचे काम म्हणून दिलेले आहे. युद्धकाळात अशा सहा लाखांहून अधिक जीप बनल्या. म्हणजे कॅलिफोर्नियाच्या कायदेमंडळात या विषयाची चर्चा होण्यापूर्वी तेवढी इंजिने बंद नळीतून श्वास घेऊन चुकली होती.

भारतात ही जीप दोन वाटांनी आली. एक, युद्ध संपल्यावर लष्कराने विक्रीस काढलेल्या गाड्या. दुसरी वाट मुंबईची. २ ऑक्टोबर १९४५ रोजी के. सी. महिंद्रा, जे. सी. महिंद्रा आणि मलिक गुलाम मुहम्मद यांनी ‘महिंद्रा अँड मुहम्मद’ ही कंपनी स्थापन केली. फाळणीनंतर गुलाम मुहम्मद पाकिस्तानात गेले, तिथे अर्थमंत्री आणि १९५१ मध्ये गव्हर्नर जनरल झाले. इकडे १९४८ मध्ये कंपनीचे नाव ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ झाले. माझगावात सुट्या भागांतून विलिस जीप जोडल्या जाऊ लागल्या. पुढे १९५० च्या दशकात उंच बॉनेटची सीजे-३बी आली. तिचे ‘हरिकेन’ इंजिन २.२ लिटरचे, चार सिलिंडरचे. त्यावरही तो व्हॉल्व्ह आणि ती नळी होतीच. उपनगरी कुटुंबासाठी बनलेल्या अमेरिकी मोटारींना जे मिळायचे होते, ते या राकट गाडीला वारशाने मिळाले होते.

खेड्यांत जीपला जे स्थान मिळाले ते मात्र लष्करामुळे नव्हे. २ ऑक्टोबर १९५२ रोजी देशात ५५ समूह विकास प्रकल्प सुरू झाले आणि पुढल्या वर्षी राष्ट्रीय विस्तार सेवा आली. विकासगट ही प्रशासनाची नवी पायरी उभी राहिली आणि गटाच्या अधिकाऱ्याची ओळख बनली जीप. महाराष्ट्रात या रचनेला निश्चित आकार दिला तो यवतमाळ जिल्ह्यातल्याच माणसाने. पुसदजवळच्या गहुली गावचे वसंतराव नाईक महसूलमंत्री असताना लोकशाही विकेंद्रीकरणाचा विचार करणाऱ्या समितीचे अध्यक्ष होते. तिच्या शिफारशींवरून १९६१ चा जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम झाला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा कामाला लागल्या. ग्रामसेवक सायकलवर, गटविकास अधिकारी जीपमध्ये: त्या पिढीच्या आठवणीतले विकासाचे चित्र बहुधा असेच आहे. बियाणे, विहिरींची कर्जे, लसीकरण, पुढे १९७२ च्या दुष्काळातील कामांची पाहणी, या सगळ्यांची चाके चार होती.

आता या जीपला कोणत्या भूमीवर चालायचे होते ते ध्यानात घ्यावे. राळेगाव म्हणजे वर्धा नदीच्या अलीकडचा कापसाचा मुलूख. जमीन काळी, भारी, पावसाळ्यात चाक गिळणारी आणि उन्हाळ्यात हातभर भेगा पडणारी. शकुंतला रेल्वे मूर्तिजापुराहून यवतमाळपर्यंतच येई; त्यापलीकडे प्रवास रस्त्यानेच. मोठा रस्ता सोडला की वाट मुरमाची नाहीतर बैलगाड्यांच्या चाकोरीची, मध्ये नाले. काळ्या मातीची धूळ पिठासारखी मऊ. मुरमाची धूळ मात्र खरखरीत, पॉलिशच्या कागदासारखी. मे महिन्यात पारा ४५ अंशांना टेकतो, आणि पुढे गाडी असेल तर मागच्या जीपला बॉनेटपलीकडचे दिसत नाही. वेग बैलजोडीच्या दुप्पट-तिप्पट. गावात पोहोचल्यावर पाच मिनिटे थांबणे, पुन्हा सुरू, पुन्हा गिअर पहिला-दुसरा. रस्त्यावरच्या वाऱ्यावर विसंबलेली जुनी नळी अशा ठिकाणी जवळजवळ निरुपयोगी ठरली असती. लष्करासाठी योजलेली बंद श्वसनव्यवस्था विदर्भातल्या विकासगटाला अगदी चपखल बसली. हा योगायोग होता, पण उपकारक योगायोग.

तिकडे कॅलिफोर्नियात हाच व्हॉल्व्ह वेगळ्याच दाराने येत होता. लॉस एंजेलिसवर १९४३ च्या जुलैमध्ये इतके दाट धुरके उतरले, की जपानने विषारी वायू सोडल्याची अफवा पसरली. मूळचे डच असलेले आरी यान हागेन-स्मिट पॅसाडेनाच्या कॅलटेक संस्थेत अननसाच्या स्वादाचे रसायनशास्त्र अभ्यासत होते. त्यांनी तीच उपकरणे शहराच्या हवेकडे वळवली. न जळलेले हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे यांवर ऊन पडले की धुरके तयार होते, हे त्यांनी १९५० च्या दशकाच्या आरंभी दाखवले. मोटार कंपन्यांना ते पटायला वेळ लागला. मोटारीतून निघणाऱ्या हायड्रोकार्बनचा पाचवा ते चौथा हिस्सा सायलेन्सरमधून नव्हे, तर पोटाखालच्या उघड्या नळीतून येतो हे स्पष्ट झाल्यावर उपाय शोधण्याची गरजच उरली नाही. तो तयार होता. १९६१ च्या मोटारींपासून कॅलिफोर्नियात आणि १९६३ पासून साऱ्या अमेरिकेत तो लागू झाला. या दोन वर्षांच्या अंतराची कथा फार शोभादायक नाही. जानेवारी १९६९ मध्ये अमेरिकी न्यायखात्याने मोठ्या मोटार कंपन्यांवर, प्रदूषण रोखणारी उपकरणे संगनमताने लांबवल्याचा दावा दाखल केला. त्याच वर्षी तो तडजोडीच्या हुकूमनाम्याने मिटला, कंपन्यांनी दोष मान्य न करता. तंत्र ठाऊक असणे आणि ते वापरणे यांच्यामधले अंतर शास्त्राने नव्हे, हिशेबाने ठरते.

पण यंत्राचा इतिहास शोध लागल्यावर आणि कायदा झाल्यावर संपत नाही. ब्रिटिश इतिहासकार डेव्हिड एजर्टन यांनी २००६ मधील ‘द शॉक ऑफ द ओल्ड’ या ग्रंथात आग्रह धरला तो याचाच: तंत्रज्ञानाचा इतिहास शोधांच्या तारखांनी नव्हे, तर वापराने आणि दुरुस्तीने लिहावा. जीपच्या व्हॉल्व्हला हे म्हणणे तंतोतंत लागू पडते. कारण हा व्हॉल्व्ह बसवलेला असणे आणि तो चालत असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

ज्या वायूची वाट तो मोकळी ठेवतो, त्याच वायूतल्या काजळीने आणि ऑइलने तो हळूहळू चोंदतो. दांडी एका जागी चिकटते. ती बंद स्थितीत चिकटली, तर दाब वाढतो, आणि जीपच्या मागच्या बाजूने, क्रँकच्या शेवटच्या बेअरिंगच्या सीलमधून ऑइल गळू लागते. चालक ते पाहतो, मिस्त्री सील बदलतो. सील बदलायचे म्हणजे मोठे काम; ते झाल्यावर महिन्याभरात गळती पुन्हा सुरू. मग निदान होते, ‘इंजिन कामाला आले’. रिंगा, बोअर, खर्चाचा अंदाज, मंजुरीची वाट, आणि तोवर जीप आवारात उभी. खरा दोष चार आण्यांच्या रॉकेलने धुऊन निघण्यासारखा असू शकतो, हे पुष्कळदा तपासलेलेच नसते. दांडी उघड्या स्थितीत अडकली तर लक्षणे उलटी: इंजिन स्लोवर टिकत नाही, थरथरते, ऑइल ओढले जाऊन सायलेन्सर निळसर धूर टाकतो. इथे कार्ब्युरेटरवर आळ येतो आणि त्याचे स्क्रू उगाच फिरवले जातात.

जाणकाराची परीक्षा दोन मिनिटांची असते. व्हॉल्व्ह काढून कानाशी हलवायचा. आतली दांडी खडखडली तर ती मोकळी आहे. इंजिन सुरू ठेवून नळीच्या तोंडावर अंगठा धरायचा. ओढ लागली पाहिजे. सगळे जागेवर बसवून, एअर क्लीनरकडून येणारी जोडनळी तेवढी सोडायची आणि तिच्या तोंडाशी कागदाचा कपटा धरायचा. तो आत चिकटला तर इंजिन श्वास घेते आहे, बाहेर उडाला तर व्हॉल्व्ह चोंदला आहे किंवा रिंगा खरोखरच गेल्या आहेत. व्हॉल्व्ह रॉकेलमध्ये भिजत घालावा, ब्रशने घासावा, हवा मारावी. स्प्रिंग ताणून ‘जोर’ आणण्याचा मोह टाळावा. ती मोजून केलेली असते.

सर्वांत घातक प्रकार मात्र अर्धवट देखभालीचा. समजा, व्हॉल्व्ह उत्तम चालतो आहे; पण एअर क्लीनरकडून येणारी ती जोडनळी उन्हाने तडकली, फेकून दिली गेली, नवीन मिळाली नाही. झाकणाच्या जागी कोणीतरी दुसऱ्या गाडीचे साधे भोकाचे झाकण बसवले. गाडी सुरू होते, नीट चालते, कोणतीही तक्रार नाही. पण आता मॅनिफोल्डचा निर्वात रस्त्यावरची हवा न गाळता थेट क्रँककेसमध्ये ओढतो आहे. पिठासारखी काळी धूळ आणि खरखरीत मुरूम सरळ ऑइलमध्ये. बेअरिंगे, रिंगा, टॅपेट, सगळे घासले जाऊ लागते. उघड्या नळीच्या जुन्या इंजिनातही धूळ शिरे, पण तिथे ओढ मंद असे. इथे चोवीस तास झटणारा पंप तिला आत बोलावतो. म्हणजे जी योजना धुळीपासून वाचवण्यासाठी केली, ती एका हातभर रबरी नळीच्या अभावी धूळ ओढण्याचे यंत्र होते. लॉस एंजेलिसमध्ये ही नळी तुटली तर इंजिनाचे फारसे बिघडत नाही. राळेगावच्या मुरमाच्या वाटेवर इंजिनाचे आयुष्य त्या नळीवर टांगलेले असते.

दुसरा सोपा मार्ग म्हणजे व्हॉल्व्हच काढून टाकणे. मॅनिफोल्डचे भोक बोल्टने बंद करायचे आणि क्रँककेसची नळी खाली मोकळी सोडायची. अशी ‘सुधारलेली’ इंजिने जुन्या जीपवर आजही दिसतात. सुटा भाग मिळत नाही, गाडी उद्या सकाळी दौऱ्यावर हवी, तेव्हा मिस्त्रीने हे केले तर त्याला अडाणी म्हणणे अन्यायाचे आहे. त्याच्यापुढे प्रश्न धुरक्याचा नव्हता, उद्याच्या सकाळचा होता.

इतिहासाच्या विद्यार्थ्यासाठी यात एक पुराव्याचा प्रश्नही दडलेला आहे. सरकारी गाडीच्या लॉगबुकात रकाने असतात: तारीख, कोठून कोठे, किलोमीटर, पेट्रोल, ऑइल, अधिकाऱ्याची सही. व्हॉल्व्ह धुतल्याची नोंद करायला रकाना नाही. ज्या देखभालीने गाडी दहा वर्षे जास्त चालली, ती कागदावर कुठेच उमटत नाही. उमटते ते बिघाडाचे बिल आणि शेवटी निर्लेखनाचा आदेश नि लिलावाची जाहिरात. तरी ऑइलचा रकाना बोलका असतो. दर हजार किलोमीटरला टाकलेल्या ऑइलचा आकडा हळूहळू चढत असेल तर रिंगा झिजत आहेत. तो एकाएकी चढला आणि मोठी दुरुस्ती न होताच खाली आला, तर कोणीतरी काहीतरी साफ केले असावे, असा तर्क करता येतो. नोंद नसलेल्या हाताची ही अप्रत्यक्ष नोंद. लॉगबुके रद्दीत जातात, म्हणून अशा वाचनाची संधीही त्यांच्याबरोबर जाते.

१९७३ च्या तेलसंकटानंतर पेट्रोलचे दर चढले आणि पेट्रोल जीप सरकारला व शेतकऱ्याला सारखीच जड झाली. त्या दशकाच्या उत्तरार्धात डिझेल जीपचे युग सुरू झाले. डिझेल इंजिनात हवेची वाट रोखणारे थ्रॉटल बहुधा नसते. त्यामुळे मॅनिफोल्डमध्ये निर्वात नसतो आणि तो विशिष्ट व्हॉल्व्हही लागत नाही. परिणाम काय झाला? त्या काळच्या बहुतेक डिझेल गाड्यांत क्रँककेसची नळी पुन्हा उघडीच, खाली सोडलेली. आवारात उभ्या गाडीखाली ऑइलचा काळा डाग, चढावर नळीतून निघणारा फिकट धूर. जे तंत्र १९४० च्या दशकात आले होते, ते तालुक्याच्या रस्त्यांवरून १९८० च्या दशकात मागे हटले. प्रगती ही एकाच दिशेने जाणारी रेषा असते असे मानणाऱ्यांनी या नळीकडे एकदा पाहावे. पुढे १९९१ पासून भारतात उत्सर्जनाची मानके आली, ती टप्प्याटप्प्याने कडक होत गेली आणि नव्या गाड्यांत बंद श्वसनव्यवस्था स्थिरावली. जुन्या गाडीची पीयूसी चाचणी मात्र सायलेन्सरच्या तोंडाशीच होते. पोटाखालची नळी त्या यंत्राला दिसत नाही.

पेट्रोल जीप आता शेतावर, लग्नाच्या वरातीत किंवा हौशी संग्राहकाच्या शेडमध्ये उरल्या आहेत. हौशी माणूस रंग, बंपर आणि पितळी पाटीवर पुष्कळ खर्च करतो. व्हॉल्व्हसाठी बाजारात जो मिळेल तो, एखाद्या आधुनिक मोटारीचा, बसवून मोकळा होतो. तो आटा जुळवून बसतोही. पण त्याची स्प्रिंग दुसऱ्याच इंजिनाच्या निर्वातासाठी मोजलेली असते, आणि २.२ लिटरच्या जुन्या हरिकेनला त्यातून एकतर कमी श्वास मिळतो नाहीतर फाजील. मूळचा व्हॉल्व्ह पितळी, खोलता येण्याजोगा, धुऊन पुन्हा वापरण्याचा होता. आजचा प्लॅस्टिकचा, बंद, निकामी झाला की फेकायचा. लिलावातल्या एखाद्या मोडक्या इंजिनावर जुना व्हॉल्व्ह दिसला, तर तो काढून रॉकेलमध्ये टाकावा. दोन दिवसांनी कानाशी हलवला की पुष्कळदा दांडी खडखडते.